पिकासोने काढलेला स्टालिन : मार्च १९५३चं प्रकरण

१२ मार्च १९५३, गुरुवार. पॅरिसमध्ये 'ले लेत्र फ्राँसेझ' या साप्ताहिकाचा नवा अंक बाजारात आला. स्टालिनला जाऊन बरोबर आठवडा झाला होता. पहिल्या पानावर ठळक मथळा होता, 'आपण स्टालिनचे काय देणे लागतो'. साप्ताहिकाचा संचालक-संपादक, कवी लुई आरागाँचा लेख होता, शास्त्रज्ञ फ्रेदेरिक जोलिओ-क्युरींचा लेख होता आणि मधोमध कोळशाने काढलेला एका माणसाचा चेहरा होता. खाली सही पिकासोची.

सहा दिवसांनी, १८ मार्चला, फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या 'ल्युमानिते' या दैनिकात पक्षाच्या सचिवमंडळाचं निवेदन झळकलं. कॉम्रेड पिकासोंनी काढलेलं महान स्टालिनचं चित्र छापल्याबद्दल सचिवमंडळ स्पष्ट नापसंती व्यक्त करत होतं. जगातला सर्वांत प्रसिद्ध चित्रकार, जगातला सर्वांत बलाढ्य कम्युनिस्ट नेता आणि पश्चिम युरोपातला एक मोठा कम्युनिस्ट पक्ष एका रेखाचित्रावरून एकमेकांत अडकले.

या प्रकरणाची नेहमीची मांडणी अशी असते : एका बाजूला स्वतंत्र वृत्तीचा कलावंत, दुसऱ्या बाजूला कलेतलं काही न कळणारे पुढारी. ही मांडणी मला अपुरी वाटते. दुखावलेल्या वाचकांना ती मूर्ख ठरवते, आणि ते मूर्ख नव्हते. शिवाय एका माणसाला, म्हणजे संपादकाला, ती अलगद सोडून देते. खरं तर चित्राला दोष देण्यापूर्वी ते कुणी मागितलं, कोणत्या जागेसाठी मागितलं आणि वाचकांना आधीची काही वर्षं काय शिकवलं गेलं होतं, हे बघायला हवं.

त्याआधीची काही वर्षं

पिकासो पक्षात आला १९४४च्या ऑक्टोबरमध्ये, पॅरिस नाझींच्या ताब्यातून सुटल्यावर थोड्याच दिवसांत. त्या काळात ही गोष्ट जगावेगळी नव्हती. प्रतिकाराच्या लढ्यात कम्युनिस्टांनी रक्त सांडलं होतं, त्यांची प्रतिष्ठा मोठी होती. पुढे १९५१च्या निवडणुकीतही फ्रान्समधल्या दर चार मतांमागे साधारण एक मत याच पक्षाला पडलं. पॅरिसला शिकायला गेलेले आपले चित्रकार रामकुमारसुद्धा त्या वर्षांत फ्रेंच पक्षाचे सभासद झाले होते. त्या शहरात विशीतल्या चित्रकाराने पक्षात जाणं किती साहजिक होतं, हे त्यावरून लक्षात यावं.

पक्षाला पिकासो हवा होता तो त्याच्या नावासाठी. त्याची चित्रं मात्र पक्षाला पचत नव्हती. १९४७पासून मॉस्कोहून येणारी शिकवण कडक झाली होती : चित्र कामगाराला कळलं पाहिजे, विषय लढ्याचा असला पाहिजे, माणूस माणसासारखा दिसला पाहिजे. या शिकवणीचा फ्रान्समधला मानकरी आंद्रे फुझरों. कामगार घरातला, स्वतःच्या बळावर चित्रकला शिकलेला आणि प्रतिकाराच्या काळात जिवावर उदार होऊन काम केलेला माणूस. १९४८मध्ये पॅरिसच्या वार्षिक शरद प्रदर्शनात त्याने बाजारातल्या बायकांचं चित्र लावलं. टोपलीत मासळी, चेहऱ्यावर महागाई. पक्षाला आपला चित्रकार मिळाला. पुढे खाणकामगारांच्या संघटनेसाठी त्याने खाणींच्या मुलुखावर अख्खी चित्रमालिका केली आणि १९५१मध्ये ती पॅरिसच्या एका बड्या गॅलरीत मांडली.

पिकासोचं स्थान निराळं होतं. १९४९च्या एप्रिलमध्ये पॅरिसला शांतता परिषद भरली, तेव्हा आरागाँने त्याच्या स्टुडिओतल्या चित्रांतून कबुतराचं एक शिळाछाप चित्र उचललं आणि ते परिषदेच्या पोस्टरवर गेलं. बघता बघता ते जगभरातल्या भिंतींवर पोहोचलं. त्याच वर्षाअखेर स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवसाला पिकासोने उंचावलेल्या पेल्याचं छोटं रेखाटन करून शुभेच्छा दिल्या. त्यात स्टालिनचा चेहरा नव्हता, त्यामुळे तेव्हा वादळ उठलं नाही. १९५१मध्ये मात्र त्याने कोरियातल्या कत्तलीवर चित्र काढलं, तेव्हा पक्षाने थंड स्वागत केलं. विषय अगदी हवा तसा होता, पण बंदुका रोखणारे शिपाई यंत्रमानवांसारखे दिसत होते, ते कोणत्या देशाचे हे कळायला मार्ग नव्हता. पक्षाला अमेरिकन गणवेश दिसायला हवा होता.

थोडक्यात, १९५३ उजाडलं तेव्हा व्यवस्था अशी होती : कबूतर पिकासोचं, माणसं फुझरोंची. ही वाटणी कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण सगळे ती पाळत होते. मार्चमध्ये ती मोडली आणि ती मोडली आरागाँने.

एक तार आणि एक जुना फोटो

स्टालिन ५ मार्चला गेला. साप्ताहिकाचा अंक छपाईला जायला जेमतेम चार-पाच दिवस. आरागाँ आणि मुख्य संपादक पियेर दॅक्स यांनी दक्षिण फ्रान्समध्ये वालोरिसला राहणाऱ्या पिकासोला तार केली. आशय असा, की हवं ते कर, लेख दे, चित्र दे, पण आम्हाला काहीतरी पाठव. चेहराच हवा, असं तारेत नव्हतं. नक्की काय हवं, तेही नव्हतं.

पिकासोने स्टालिनला कधी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा त्याच्याबरोबर राहणारी चित्रकार फ्राँस्वाज जिलो हिने पुढे ही हकीकत सांगितली आहे. वर्तमानपत्रातला स्टालिनचा एक जुना फोटो सापडला, तो समोर ठेवून पिकासो बसला. काढलेला चेहरा स्टालिनसारखा न होता जिलोच्या वडिलांसारखा व्हायला लागला. पिकासोने तिच्या वडिलांनाही कधी पाहिलं नव्हतं. जितकं साम्य साधायला जावं तितके वडील जास्तच डोकवायला लागले आणि दोघं हसत सुटले. शेवटी जे जमलं ते पाठवून दिलं. चित्रावर तारीख आहे ८ मार्चची.

आता हे चित्र जरा जवळून बघू. चेहरा सरळ समोरून काढलेला आहे. केस दाट, कपाळावरून वर उभे सारलेले. भुवया जाड. डोळे मोठे, उघडे, जरासे अचंबित. नाक एकाच रेषेत खाली आलेलं. मिशी भरघोस, पण तिचं वजन चेहऱ्यावर पडत नाही, ती वरून चिकटवल्यासारखी वाटते. मान खांबासारखी जाड आणि खाली कॉलरच्या दोन-चार रेघा. छायाप्रकाश जवळजवळ नाहीच. ना बढतीचे बिल्ले, ना पाइप, ना ते परिचित मंद स्मित. वय असेल पंचविशी-तिशीच्या आसपास. जॉर्जियातल्या एखाद्या गावात रस्त्याच्या कडेला भेटावा असा धडधाकट पोरगा.

चित्र म्हणून ते फार थोर आहे, असं मी म्हणणार नाही. पिकासोने त्याच सुमारास काढलेली कितीतरी रेखाटनं याच्यापेक्षा सरस आहेत. इथे रेघ सावध आहे. या माणसाच्या हातात एरवी जी बेफिकिरी असते ती इथे नाही, कारण साम्य साधायचं दडपण रेघेवर आहे. पण हे चित्र टिंगलीसाठी काढलेलं नाही, हेही तितकंच खरं. एका न पाहिलेल्या माणसाला तो सत्ताधीश होण्याआधीच्या वयात शोधायचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे.

दॅक्सने नंतर पिकासोचं एक बोलणं नोंदवून ठेवलंय, ते या संदर्भात महत्त्वाचं आहे. पिकासोचं म्हणणं होतं, की मी जर शेवटच्या काळातला खरा स्टालिन काढला असता, सुरकुत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, चामखिळींसकट, तर यांनी किती आरडाओरडा केला असता! स्टालिनला म्हातारा केला, विद्रूप केला म्हणाले असते. म्हणजे तरुण स्टालिन काढण्यामागे त्याचा थोडा विचार होता. प्रेतयात्रेच्या आठवड्यात म्हातारा चेहरा नको, म्हणून त्याने तरुण काढला, आणि नेमका तोच लोकांना ओळखू आला नाही.

पत्रं

अंक बाहेर पडला आणि पक्षाच्याच लोकांकडून निषेध सुरू झाला. फोन आले, मग पत्रं आली. पक्षाच्या शाखांमधून आली, कारखान्यांतून आली, शिक्षकांकडून आली. सूर बहुतेक एकच : हा आमचा स्टालिन नाही. यात ती माया कुठे आहे, ते शहाणपण कुठे आहे, तो भलेपणा कुठे आहे?

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण नंतरच्या लिखाणात या पत्रांची फार हेटाळणी झाली आहे. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की हार घालण्यासाठी फोटो शोधतात. तो फोटो निवडताना छायाचित्रण किती चांगलं आहे हे कुणी पाहत नाही, गेलेलं माणूस आपल्याला जसं आठवतं तसं त्यात दिसतं का, एवढंच पाहतात. त्या आठवड्यात फ्रान्समधल्या लाखो कम्युनिस्ट घरांत हीच अवस्था होती. स्टालिनने काय केलं होतं हे आज आपल्याला माहीत आहे. त्यांच्या लेखी तो स्टालिनग्राड जिंकून हिटलरला हरवणारा माणूस होता. त्या लढाईने स्वतःची मुलं, भाऊ वाचले अशी त्यांची श्रद्धा होती. अशा वेळी शोकांकाच्या पहिल्या पानावर त्यांना अनोळखी पोरगा दिसला. त्यांना धक्का बसला तो खरा होता.

शिवाय पाच-सहा वर्षं त्यांना पक्षानेच शिकवलं होतं, की जे चित्र तुला समजत नाही ते तुझं नाही. त्यांनी फक्त शिकवलेला धडा म्हणून दाखवला.

पण धक्का बसणं वेगळं आणि त्या धक्क्याचा हुकूम करणं वेगळं. पक्षप्रमुख मोरिस तोरेझ तेव्हा पॅरिसमध्ये नव्हते. १९५०मध्ये पक्षाघात झाल्यापासून ते उपचारांसाठी सोव्हिएत संघात होते. त्यांच्या मागे ज्यांच्या हाती सूत्रं होती त्यांच्यात ऑग्युस्त लकर हे मोठं नाव होतं. उत्तरेकडच्या खाणपट्ट्यातला, आरागाँच्या साहित्यिक गोतावळ्याबद्दल फारसा जिव्हाळा नसलेला माणूस. सचिवमंडळाचं निवेदन बारकाईने वाचण्याजोगं आहे. पिकासोच्या भावनांबद्दल त्यात शंका घेतलेली नाही. कामगारवर्गाच्या कार्याशी त्याची असलेली निष्ठा सर्वांना ठाऊक आहे, असंच म्हटलंय. ठपका आहे तो आरागाँवर. केंद्रीय समितीचे सभासद, साप्ताहिकाचे संचालक, आणि एरवी वास्तववादी कलेसाठी धैर्याने झगडणारे असूनही त्यांनी हे छापू दिलं, याबद्दल खेद. मग ज्यांनी लगोलग निषेध कळवला त्या कॉम्रेडांचे आभार आणि अभिनंदन. आणि शेवटी कलम : निषेधाची पत्रं आरागाँ आणि पिकासो या दोघांना पाठवली जातील आणि त्यांतला महत्त्वाचा भाग आरागाँने स्वतःच्या साप्ताहिकात छापावा.

या निवेदनाने चित्राचं काहीच केलं नाही. केलं ते इतकंच, की रागावलेल्या वाचकाला शाबासकी दिली. त्यामुळे पुढे आलेल्या पत्रांमध्ये मनापासून लिहिलेली किती आणि शाबासकीसाठी लिहिलेली किती, हे वेगळं काढणं अवघड होऊन बसलं. पक्षाचं खरं पाप मला यात दिसतं. आधीची पत्रं माणसांची होती, नंतरच्या पत्रांत पक्षशिस्तही मिसळली.

आरागाँने हुकूम पाळला. निवेदन छापलं, पुढच्या अंकात पत्रंही छापली. त्यांत फुझरोंचंही पत्र होतं. जगातल्या श्रमिकांना ज्याच्याइतका प्रिय दुसरा कुणी नाही, अशा माणसाच्या चेहऱ्याचं एक साधं, चांगलं रेखाचित्र एका थोर कलावंताला १९५३मध्ये करता येऊ नये, याचं त्याला दुःख झालं होतं. पत्रात कळवळा असेलही. पण मैदान मोकळं झाल्याचा सुस्काराही त्यात ऐकू येतो.

ज्याचं त्याचं उत्तर

पत्रकार वालोरिसला धावले. पिकासो पक्षाविरुद्ध काहीतरी बोलेल आणि मोठी बातमी मिळेल, ही त्यांची आशा. तो बोलला नाही. घरच्या भांडणाची चर्चा बाहेरच्यांशी करायला तो तयार नव्हता. जिलोच्या सांगण्याप्रमाणे त्याचा सूर असा होता, की मी अंत्ययात्रेला फुलं घेऊन गेलो होतो. फुलं आवडली नसतील, पण सांत्वनाला आलेल्या माणसावर कुणी खेकसत नाही. आत दुखावला होताच. पण पक्ष सोडण्याइतका नाही. काहींना यात त्याची लाचारी दिसते. मला तसं वाटत नाही. मायदेशी, म्हणजे हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये, जाता येत नव्हतं, फ्रेंच नागरिकत्व मिळालेलं नव्हतं. पक्ष हे त्याला त्या काळात घरासारखं वाटणारं ठिकाण होतं, हे त्यानेच पक्षात येताना सांगितलं होतं.

सगळ्यांत वाईट अवस्था आरागाँची. तार त्याची, निवड त्याची, अंक त्याचा. एप्रिलमध्ये त्याने आपली बाजू मांडणारा लेख लिहिला. सार असं, की मी आयुष्यभर पिकासोची रेघ बघत आलो, त्यामुळे हे चित्र हातात आलं तेव्हा मी ते पिकासोचं चित्र म्हणून बघितलं, माझा वाचक ते स्टालिनचं चित्र म्हणून बघणार आहे हे लक्षात घेतलं नाही. आत्मटीकेच्या त्या सक्तीच्या वातावरणात लिहिलेलं हे वाक्य मला संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत खरं वाक्य वाटतं. संपादकाची चूक नेमकी हीच होती. तेच रेखाचित्र आतल्या पानावर, पिकासोच्या दोन ओळींसोबत छापलं असतं तर ते एका कलावंताची श्रद्धांजली म्हणून वाचलं गेलं असतं. पहिल्या पानावर, त्या मथळ्याखाली ते पक्षाचं अधिकृत चित्र झालं.

त्यापूर्वीची चूकही त्याचीच. कबुतरं पिकासोला आणि माणसं फुझरोंला, ही वाटणी टिकवून ठेवण्यात इतर कुणाहीपेक्षा आरागाँचा हात मोठा होता. वाचकाला वर्षानुवर्षं एक प्रकारचं चित्र बघायला शिकवायचं आणि ऐन शोकाच्या दिवशी दुसऱ्या प्रकारचं पुढ्यात ठेवायचं, हा वाचकावर अन्याय आहे. पिकासोवरही आहे, कारण त्याला काय मागितलंय हे न सांगता मोकळं सोडलं आणि मग जे आलं त्याची शिक्षा घेण्यासाठी त्याचं नाव पुढे राहिलं.

एप्रिलमध्येच तोरेझ फ्रान्सला परतले. हे प्रकरण त्यांना पसंत नव्हतं. जगातल्या सर्वांत मोठ्या चित्रकाराला चव्हाट्यावर आणून पक्षाने काय कमावलं, असा त्यांचा व्यवहारी हिशेब होता. त्यांनी आरागाँला जवळ केलं, पिकासोशी संबंध सांधून घेतले आणि विषय थांबला. चित्र एप्रिलमध्येही तेच होतं जे मार्चमध्ये होतं.

नोव्हेंबर

वर्ष इथे संपत नाही. मार्चमधलं प्रकरण खरोखर कशाबद्दल होतं, ते नोव्हेंबरमध्ये कळतं, म्हणून हा भाग महत्त्वाचा.

त्या शरद प्रदर्शनात फुझरोंने 'अटलांटिक संस्कृती' या नावाचं प्रचंड चित्र लावलं. मधोमध अमेरिकन मोटार, तिच्यातून बंदूक रोखून उभा असलेला सैनिक, मागे विजेची खुर्ची, बाजूला गरीब कुटुंबं, वसाहतीतून परतणाऱ्या शवपेट्या. पक्षाच्या प्रचारातला प्रत्येक मुद्दा कॅनव्हासवर. मार्चमधल्या निकषांवर हे चित्र पहिलं यायला हवं होतं. कामगाराला कळेल असं, लढ्याचं, माणसं माणसांसारखी.

आरागाँने 'ले लेत्र फ्राँसेझ'मध्येच त्याची साल काढली. घाईत केलेलं, ओबडधोबड, ढोबळ, असा मारा केला. आठ महिन्यांपूर्वी ज्याचं पत्र त्याला स्वतःच्या साप्ताहिकात छापावं लागलं होतं, त्याच फुझरोंवर हा घाव. मॉस्कोत वारं बदललं होतं, तोरेझ पाठीशी होते, लकरांचा प्रभाव ओसरायला लागला होता आणि पुढच्या वर्षी ते नेतृत्वातून बाहेर फेकले गेले. फुझरोंचं पक्षाचा चित्रकार म्हणून असलेलं स्थान त्यानंतर पूर्वीसारखं राहिलं नाही. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं. त्याने मार्चमध्ये लिहिलं तेच नोव्हेंबरमध्ये रंगवलं होतं. तो बदलला नव्हता.

एका वर्षात दोन चित्रांना एकाच साप्ताहिकाच्या पानांत दोषी ठरवलं गेलं. एक वास्तवापासून दूर म्हणून, दुसरं वास्तववादाच्या नावाखाली ढोबळ म्हणून. दोन्ही वेळा चित्राबद्दल बोललेल्या शब्दांत थोडं तथ्य होतं, आणि दोन्ही वेळा निकाल लागला तो चित्राबाहेरच्या गोष्टींवर : कोण पॅरिसमध्ये आहे, कोण मॉस्कोत आहे, कुणाची खुर्ची डळमळतेय.

आणि पिकासो? त्या वर्षीच्या शरदात फ्राँस्वाज जिलो क्लोद आणि पालोमा या मुलांना घेऊन त्याला सोडून गेली. मिलानमधल्या मोठ्या प्रदर्शनात त्याचं युद्धविरोधी चित्र 'गेर्निका' लागलं, युद्धात बाँबने भाजलेल्या राजवाड्याच्या दालनात. हिवाळ्यात तो म्हातारा चित्रकार आणि तरुण मॉडेल या विषयावर रेखाटनं करत सुटला. त्यात रेघ पुन्हा बेफिकीर आहे.

१९५६मध्ये हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा पक्षाने खास अधिवेशन भरवावं म्हणून काही कम्युनिस्ट विचारवंतांनी पत्र काढलं, त्यावर पिकासोने सही केली. पक्ष तेव्हाही त्याने सोडला नाही, आणि पक्षाने त्याला पुन्हा कधी जाहीर दटावलं नाही. आरागाँचं साप्ताहिक आणखी बरीच वर्षं चाललं. १९६८मध्ये प्रागवर रणगाडे गेले तेव्हा त्याने उघड निषेध केला, मग सोव्हिएत गटातली वर्गणी बंद झाली, पैशाचा ओघ आटला आणि १९७२मध्ये ते बंद पडलं.